महिनाभर एकच लेणं

मुलांना घरीच शिकवणाऱ्या आपल्यासारख्या पालकांना एक खोड असते. शाळेचं वेळापत्रक नको म्हणून आपण शाळा सोडतो आणि चार कुटुंबं एकत्र आली की पहिल्याच बैठकीत वेळापत्रक आखायला बसतो. आमच्या पुण्यातल्या गटानं हेच केलं. सोमवारी मातीकाम, बुधवारी विज्ञान, शुक्रवारी गोष्टी आणि नाटक, महिनाअखेरीला सहल. नऊ कुटुंबं, चौदा मुलं, सगळ्यात धाकटं चार वर्षांचं आणि थोरलं पंधराचं. तिसऱ्या आठवड्यात बुधवारी तीन मुलं आली, त्यातली दोन यजमानांची.

त्या महिन्याची सहलही तशीच झाली. बस ठरवली, एका दिवसात दोन ठिकाणं घेतली आणि मुलांच्या हातात बत्तीस प्रश्नांचा कागद दिला. मुलांनी फलकांवरची वाक्यं उतरवून कागद भरला आणि उरलेल्या वेळात ‘आता डबा कधी?’ एवढंच विचारलं. आठवड्यानं विचारलं तर सगळ्यांना आठवत होती ती चहाच्या टपरीवरची शेळी. शेळी छानच होती, पण तिच्यासाठी बस करायची गरज नव्हती.

तेव्हापासून आम्ही महिना वेगळा आखतो. एका महिन्याला एक ठिकाण आणि त्या ठिकाणचा एक प्रश्न. चारदा भेटायचं आणि त्यातली तिसरी भेट म्हणजे सहल. बाकीचे दिवस घरोघरचे, त्यात गटानं ढवळाढवळ करायची नाही. ऐकायला हे अगदीच थोडं वाटतं. नव्यानं आलेले पालक दर वेळी विचारतात, ‘महिन्याला फक्त चारच?’ चार पुरतात. पाचवी भेट ठरवली की कुणाची तरी गैरहजेरी ठरते आणि गैरहजेरीचा हिशेब सुरू झाला की गटाची शाळा झाली म्हणून समजा.

सहल तिसऱ्या आठवड्यात ठेवायची, यावर मी अडून बसते. पहिल्याच आठवड्यात गेलं तर मुलांना काय पाहायचं तेच कळत नाही. ज्याची थोडीतरी ओळख आहे, तेच डोळ्यांना दिसतं. महिन्याच्या शेवटी गेलं तर सहल नुसती मेजवानी होते. परत आलो, अंघोळ केली, विषय संपला. खरे प्रश्न परतीच्या गाडीत सुचतात आणि त्यांच्यासाठी महिन्यात एक आठवडा शिल्लक हवा.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून आमचा एक अख्खा महिना उलगडून दाखवते. ठिकाण होतं मावळातलं भाजे लेणं आणि महिना डिसेंबरचा. डिसेंबर दोन कारणांसाठी. पावसाळ्यात त्या परिसरात धबधब्यांसाठी एवढी गर्दी लोटते की चार वर्षांच्या मुलाला तिथे नेऊच नये. दुसरं कारण म्हणजे गटातली मोठी मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीच्या परीक्षेची तयारी करतात. ही परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्या महिन्यांत मोठ्यांच्या घरात ताण असतो आणि मोठी मुलं नसलेली सहल धाकट्यांनाही बेचव लागते. वर्षाचं कॅलेंडर हाती घेतलंत की आधी हे महिने खोडून टाका.

ठिकाण निवडताना आमची एकच कसोटी असते: तिथे असा प्रश्न आहे का, जो सहा वर्षांचं मूल विचारू शकेल आणि ज्याचं उत्तर देताना मोठ्या माणसाला थांबून विचार करावा लागेल? भाज्याला तो आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं हे लेणं, सगळा चैत्य डोंगरातच कोरून काढलेला. आत जाऊन वर पाहिलं की दगडी छताला लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या दिसतात. छत दगडाचं, एकसंध, ते पडणार कुठे? मग त्याला लाकडाचा टेकू कशाला? आम्ही महिन्याचा प्रश्न एवढाच लिहिला, ‘दगडात लाकूड कशाला?’, आणि तो कागद यजमानांच्या फ्रिजवर लावला. उत्तर कुणीही सांगायचं नाही, ठाऊक असलं तरी. पालकांना हे मुलांपेक्षा जड जातं.

पहिली भेट साबणाची. प्रत्येकी अंगाच्या स्वस्त साबणाची एक मोठी वडी, आइस्क्रीमच्या काड्या आणि घरातले जुने चमचे. धुण्याची वडी घेऊ नका. ती ठिसूळ असते आणि हाताला झोंबते. साबण नुकताच विकत घेतलेला बरा, जुना झाला की कडक होऊन त्याचे टवके उडतात. वडी उभी धरून तिच्यात एक खोली कोरायची, मधोमध दोन खांब सोडायचे. बस, एवढीच सूचना.

पहिल्या दहा मिनिटांत निम्म्या मुलांनी खालून कोरायला सुरुवात केली, खांब काढले, मग छताकडे वळली आणि चमच्याच्या दाबानं खांबच मोडले. एकानं मोडका खांब थुंकी लावून चिकटवून पाहिला. आठ वर्षांच्या एका मुलीनं मात्र वरून सुरुवात केली होती. कारण विचारलं तर म्हणाली, ‘चुरा खाली पडतो ना, म्हणून.’ लेणी कोरणारे कारागीरही वरून खाली येत. आधी छत पुरं करायचं, मग खाली उतरायचं, म्हणजे परांची बांधावी लागत नाही आणि झालेल्या कामावर चिरे कोसळत नाहीत. हे मी तिथे सांगितलं नाही. मुलांनी दुसरी वडी मागितली आणि या खेपेला सगळ्यांनी वरून सुरुवात केली. म्हणून माणशी दोन वड्या आणा, पहिली मोडण्यासाठीच असते.

साबणातून कळलेली दुसरी गोष्ट म्हणजे इथे काही चिकटवता येत नाही. मातीत चूक झाली तर पुन्हा थापता येते. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या आपल्या मुलांना तीच सवय. कोरण्यात मात्र काढलेलं परत येत नाही. हे हाताला समजलं की प्रत्यक्ष चैत्यात उभं राहिल्यावर मुलं आपोआप हळू बोलतात. गप्प बसवायला ओरडावं लागत नाही.

त्याच भेटीत आम्हाला एक अनपेक्षित गुरुजी मिळाले. गटातल्या एका मुलाचे आजोबा आयुष्यभर बांधकामावर मिस्त्री होते. नातवाला सोडायला आले आणि साबणाचे खांब पाहून उभेच राहिले. ‘खांब ओळंब्यात नाहीये तुझा,’ ते नातवाला म्हणाले. ओळंबा म्हणजे काय, हे चौदापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आजोबांनी दोऱ्याला कुलूप बांधलं, दारात धरलं आणि चौकट कुठे किती झुकली आहे ते दाखवलं. पुढचा पाऊण तास मुलं घरभर ओळंबे धरत होती. घर तसं नवंच, पण एक भिंत चांगलीच कललेली निघाली. यजमान जरा हिरमुसले.

आजोबांना आम्ही सहलीला यायची गळ घातली. आखणी करताना बाहेरचा तज्ज्ञ बोलावण्याआधी गटातल्या घरांमध्ये कोण काय करतं ते विचारा. सुतार, शिंपी, परिचारिका, वाहनचालक, बँकेतला कारकून; प्रत्येकाच्या हातात एखादा असा शब्द असतो, जो पुस्तकात सापडत नाही. ‘ओळंबा’ त्या महिन्याचा शब्द झाला आणि पुढे सहलीचा कणाही तोच ठरला.

दुसरी भेट अक्षरांची. भाज्याला ब्राह्मी लिपीतले छोटे लेख आहेत, बहुतेक दान देणाऱ्यांचे. एका टाक्यावरच्या लेखात महारठी विण्हुदत्त या माणसाचं नाव येतं आणि त्याची ओळख ‘कोसिकीपुत’ अशी दिली आहे, म्हणजे कौशिकीचा मुलगा. त्यानं दान दिलं ते पाण्याचं टाकं, लेखातल्या शब्दात ‘पोढी’. मोठ्या माणसाची ओळख आईच्या नावानं, ही गोष्ट मुलांना फारच आवडली. आम्ही सगळ्यांनी आपापलं नाव तसंच लिहिलं, आधी आईचं नाव, मग पुत किंवा धुआ, मग आपलं. ‘धुआ’ म्हणजे मुलगी. ‘दुहिता’ या संस्कृत शब्दाचं प्राकृत रूप.

ब्राह्मी शिकवायला लिपितज्ज्ञ लागत नाही. दहा-बारा अक्षरांचा तक्ता पुरतो आणि मुलं ती खेळासारखी उचलतात. ‘क’ म्हणजे गणितातलं अधिकचं चिन्ह. ‘ठ’ म्हणजे पूर्ण गोल. ‘ट’ म्हणजे अर्धा गोल. ‘थ’ म्हणजे गोलात टिंब. ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ. सहा वर्षांच्या एका मुलानं आपल्या ‘ठ’कडे बोट दाखवून सांगितलं, ‘हा तर अजून गोलच आहे, फक्त शेंडी आलीये.’ लिपीचा प्रवास याहून सोप्या शब्दांत मला सांगता आला नसता. मोठ्या मुलांना आम्ही वेगळं काम दिलं: ही लिपी वाचायची कला हरवली होती, ती पुन्हा कशी सापडली ते शोधा. जेम्स प्रिन्सेप हे नाव आणि १८३७ हे साल त्यांना मिळालं. टाकसाळीत काम करणारा माणूस लिपीच्या नादी कसा लागला, यावर त्यांचा बराच वेळ गेला. तो गेला तर जाऊ द्यावा.

एक पथ्य पाळा. प्रत्यक्ष लेखावर कागद ठेवून ठसा काढायचा मोह मोठ्यांनाही होतो. तो करू नका. ही संरक्षित स्मारकं आहेत आणि १९५८ च्या कायद्यानुसार त्यांना इजा करणं हा गुन्हा आहे. शिवाय हात लावून लावून अक्षरं झिजतात. वहीत पाहून उतरवा. पाहून उतरवताना जेवढं लक्ष लागतं, तेवढं ठसा काढताना लागत नाही.

दुसरी भेट आणि सहल यांच्यामध्ये दोन मोठ्यांनी एकदा स्वतः जाऊन यावं. हे आम्ही कधीच टाळत नाही. इंटरनेटवरच्या छायाचित्रांत पायऱ्या मोजता येत नाहीत, स्वच्छतागृह चालू आहे की कुलूपबंद ते कळत नाही आणि डबा खायला सावली कुठे आहे हेही दिसत नाही. आमच्या पाहणीत तीन गोष्टी कळल्या. चैत्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी चढताना डोंगराची सावली मिळते आणि ऊन दुपारनंतर समोर येतं. पायऱ्या दोनशेच्या आसपास, चार वर्षांच्या मुलाला चढता येतील अशा, मात्र मध्ये दोनदा बसायला लागेल. आणि कड्यांवर आग्या मोहोळं असू शकतात. म्हणून त्या दिवशी कुणी अत्तर लावायचं नाही, फटाक्यांसारखा आवाज करायचा नाही आणि मोहोळ दिसलं तर त्या बाजूला फिरकायचं नाही. ही सूचना मुलांपेक्षा मावश्यांना जास्त वेळा द्यावी लागली.

जायचं कसं, यावर पालकांच्या गटात जेवढे संदेश पडतात, तेवढे बाकी कशावरच पडत नाहीत. आम्ही गाड्या आणि बस दोन्ही बाद केल्या. पुणे-लोणावळा लोकलनं मळवली, सव्वा तासाच्या आसपास, आणि तिथून पायी. लोकलमध्ये मुलं सुटी होतात, कुणाला मळमळत नाही, आणि एका कुटुंबाची गाडी उशिरा आली म्हणून बाकीचे थांबून राहत नाहीत. गाडी सुटली की सुटली. परतीची गाडी मात्र आधीच ठरवून ठेवा. दुपारच्या वेळी या मार्गावर लोकल कमी असतात. एक चुकली तर फलाटावर चौदा मुलं सांभाळणं म्हणजे काय, ते आम्ही एकदा भोगलं आहे. वार मंगळवार धरला. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी निघता येणं हीच आपली मोठी श्रीमंती आहे, ती रविवारी उधळू नका. फक्त त्या ठिकाणाचा सुट्टीचा वार तपासा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. हे न पाहता दोनशे-अडीचशे किलोमीटर गेलेले लोक मला माहीत आहेत.

चार मुलांमागे एक मोठं माणूस. शिवाय दोघांना दुसरं काहीच काम द्यायचं नाही: एक सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे. आमच्याकडे मागच्याला ‘शेपूट’ म्हणतात आणि शेपटाच्या मागे कुणीही राहायचं नाही, हा एकच नियम मुलांना पाठ असतो. एका पिशवीत ओआरएसची पाकिटं, लवचीक बँडेज, पट्ट्या, एक जादा चड्डी आणि कागदावर लिहिलेले सगळ्यांच्या घरचे फोन नंबर. कागदावर, कारण मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो. ज्याला कसली अॅलर्जी आहे, त्याचं नाव त्याच कागदावर वर लिहा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिकिटाच्या ठिकाणी पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. तेरा वर्षांचा सहा फुटी मुलगा गटात असेल तर त्याचं आधार कार्ड बरोबर ठेवा, एवढी एक गोष्ट स्वानुभवानं सांगते.

आता हातात काय द्यायचं? कामाचा कागद नाही. प्रत्येकी कोरी वही, एक पेन्सिल आणि दर तिघांत एक ओळंबा: दोरा आणि त्याला बांधलेला नट. एवढंच. चैत्यात पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही, कुणी सांगायचं नाही. बसायचं आणि पाहायचं. आजोबा एका कोपऱ्यात बसले, मुलं पसरली. मग कुणीतरी ओळंबा खांबापासून वीतभर अंतरावर धरला आणि ओरडलं, ‘आजोबा, खांब ओळंब्यात नाहीये!’

भाज्याच्या चैत्यातले अष्टकोनी खांब आत झुकलेले आहेत. नुसत्या डोळ्यांनी ते चटकन जाणवत नाही; दोरा धरला की लगेच दिसतं. सगळेच खांब झुकलेले आहेत की थोडे, हे पाहायला मुलं धावली, मग मोजायला लागली. खांब किती, ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्या मुलांचं मोजणं गेलं. आजोबांना विचारलं, हे कारागिराचं चुकलंय का? ते बराच वेळ वर पाहत राहिले आणि म्हणाले, ‘एक चुकला असता तर चुकला म्हटलं असतं. सगळे सारखे झुकलेत म्हणजे मुद्दाम झुकवलेत. लाकडाचं छप्पर असतं ना, ते बाहेर रेटा देतं. म्हणून खांब आत घ्यायचे.’

दगडाचं छत बाहेर रेटा देत नाही. मग झुकवले का? इथे महिन्याचा प्रश्न दोन बाजूंनी एकाच जागी आला. छताला फासळ्या लाकडाच्या, खांब झुकलेले लाकडासाठी, आणि दर्शनी भागाच्या दगडात चौकोनी खाचा, जिथे एके काळी लाकडी बांधणी बसवलेली होती. अकरा वर्षांच्या मुलीनं ते शब्दांत मांडलं: ‘त्यांना लाकडाचंच घर यायचं बांधता. मग त्यांनी डोंगरात लाकडाचं घर केलं.’ माझ्या मते अर्ध्या महिन्याची मेहनत या दोन वाक्यांत वसूल झाली. ज्यांना सगळं वसूल करायचं असतं, त्यांच्यासाठी पुढे स्तूपांचा समूह होता, एकूण चौदा, काही कड्याखाली आणि काही उघड्यावर. विहारातली रथ आणि हत्तीची शिल्पं होती, आणि तबल्यासारखी दिसणारी जोडवाद्यं वाजवणारी बाई. छोट्यांनी ती शोधली आणि तिच्यासारखं बसून वाजवायचा प्रयत्न केला. यातलं सगळं सगळ्यांनी पाहिलंच पाहिजे, असा आग्रह आम्ही धरला नाही. दोन मुलं पूर्ण वेळ टाक्यातल्या पाण्यातले बेडूक पाहत होती. कोसिकीपुताच्या दानाचा तोही एक उपयोग.

डबा खाऊन खाली उतरलो, आणि आम्ही न आखलेली गोष्ट परतीच्या वाटेवर घडली. मळवलीला येताना द्रुतगती मार्गावरून जाणारा पूल लागतो. मुलं कठड्याशी थांबून खालचे ट्रक मोजू लागली. कुणीतरी विचारलं, एवढे ट्रक कुठे जातात? मुंबईला. मग पलीकडे रेल्वे दिसली, तीही मुंबईलाच. मग पंधरा वर्षांच्या मुलानं, जो दिवसभर कंटाळल्यासारखं करत होता, मागे वळून डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘म्हणजे लेणी रस्त्यावरच आहेत?’

आहेतच. कोकणातून बोरघाटानं देशावर येणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेच्या काठावर भाजे आणि कार्ले ही लेणी आहेत. व्यापाऱ्यांनी दान दिलं, भिक्षूंनी आसरा दिला. त्याच बोरघाटातून १८६३ साली रेल्वे वर आली आणि २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पुरा झाला. एका पुलावर उभं राहून तीन काळांचे रस्ते दिसतात. आमच्या आखणीत याचा उल्लेखही नव्हता. तो आधीच कागदावर असता तर त्या मुलानं तो वाचला असता, पण त्याला तो सापडला नसता.

चौथी भेट म्हणूनच मोकळी ठेवायची असते. आम्ही ‘शिकलेलं सादर करा’ म्हणत नाही. तसं म्हटलं की मुलं पुन्हा फलकावरची वाक्यं आणतात. या खेपेला मुलांनीच ठरवलं. लहानांनी उरलेल्या साबणाचे स्तूप केले. मधल्यांनी आजोबांच्या देखरेखीखाली काड्या आणि दोऱ्यांचं झोपडीचं छप्पर बांधलं आणि खांब सरळ ठेवून वर दाबून पाहिलं. खांब बाहेर फाकले. मग आत झुकवले, छप्पर टिकलं. मोठ्या दोघांनी रस्त्याचा नकाशा काढला आणि कार्ल्याच्या खांबांवरच्या लेखांत धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची दानं आहेत हे शोधून आणलं. यवन म्हणजे ग्रीक का, मग ते इथे काय करत होते, या प्रश्नानं आमचा जानेवारी ठरला. कार्ल्याला जायचं झालं तर एकविरेच्या यात्रेचे दिवस टाळा, नाहीतर पायऱ्यांवरच दिवस मावळतो.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण गट फुटतात ते बहुतेक याच्यावरून. आम्ही माणशी वर्गणी घेत नाही, कुटुंबामागे घेतो, नाहीतर तीन मुलांच्या घराला प्रत्येक सहल तिप्पट पडते. खर्चाचा कागद सहलीच्या दुसऱ्याच दिवशी गटात टाकायचा आणि ज्याच्याकडे पैसे, त्याच्याकडे पुढच्या महिन्याचं काम नाही. महिन्याला एक कुटुंब यजमान आणि एक कुटुंब सहलीचं. बाकीच्यांनी त्या महिन्यात सूचना करायच्या नाहीत, यायचं फक्त. पालकांमध्ये एक तरी माणूस असा असतो, ज्याला प्रत्येक ठिकाणाचं सगळं माहीत असतं. त्यांना शेपूट करा.

दर महिन्याला भाज्यासारखं दूर जायची अजिबात गरज नाही. पावसाळ्यात आम्ही पुणे सोडत नाही. जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराचं आठव्या शतकातलं लेणं आहे, अर्धवट राहिलेलं. साबण मोडलेल्या मुलांना ‘काम अर्धवट का राहिलं असेल?’ हा प्रश्न चांगलाच झोंबतो. छोट्यांसाठी महात्मा फुले मंडई हा अख्खा महिना होतो: शंभर रुपयांत सहा माणसांची भाजी, सुटे पैसे, तराजू आणि १८८६ साली उभारलेली ती दगडी इमारत. फेब्रुवारीत २८ तारखेच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण पाहता येते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, शेताशेतांत पसरलेल्या. तिथे मात्र गर्दी ठरलेली आणि सकाळी लवकर पोचणं भाग. तुमचा गट नागपूरचा, कोल्हापूरचा, रत्नागिरीचा किंवा मडगावचा असेल तर तुमची ठिकाणं वेगळी असतील. चौकशी गावातल्या मिस्त्रीपासून, कोळणीपासून, शेतकऱ्यापासून सुरू करा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तेव्हा त्यांनीही शाळा मुलांच्या रोजच्या जागीच नेली होती.

नोंद ठेवायची असेल तर एक जाड वही करा, महिन्याला दोन पानं. एका पानावर प्रश्न, दुसऱ्यावर मुलांची वाक्यं, जशी बोलली तशी. पुढे कधी कुठल्या शाळेत प्रवेश घ्यायचा झाला आणि ‘एवढी वर्षं काय केलंत?’ असं कुणी विचारलं तर ही वही पुढे करता येते. मुक्त विद्यालयातून दहावीला बसायचं असेल तर वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, हे तारखा मोजून आधीच पाहून ठेवा.

आमच्या वहीत त्या डिसेंबरच्या पानावर साबणाच्या चुऱ्याचा डाग आहे आणि त्याला अजून वास येतो. चौदा लेणी यजमानांच्या खिडकीत ओळीनं मांडली होती. फेब्रुवारीत घरातले साबण संपले तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी त्यातली दोन न्हाणीघरात नेली. चैत्याची कमान पहिल्या आठवड्यातच विरघळली. खांब महिनाभर टिकले.